घाण्यावरच्या रिकाम्या दुपारी

आमच्या घरात मुलांना कंटाळा येऊ देत असत, ही गोष्ट मी आजही ताठ मानेनं सांगते. येऊ देत म्हणजे खरोखरच येऊ देत. त्यावर कुणी उपाय शोधायला धावत नसे, कुणी गोष्ट सांगत नसे, हातात खाऊ ठेवून वेळ मारून नेत नसे. मुरूम गावात आमचं घर म्हणजे पुढे तेलाचं छोटं दुकान, मध्ये दोन खोल्या आणि मागे पत्र्याच्या छपराखाली लाकडी घाणा. आम्ही लिंगायत तेली. अप्पा, म्हणजे माझे वडील, स्वतः घाणा चालवत, स्वतः तेल मोजून देत आणि दोन्ही कामं करताना जेवढ्यास तेवढं बोलत. अव्वा, म्हणजे आई, पलीकडची, कर्नाटकातली. ती रागावली की कानडीत रागवायची आणि लाडात आली की मराठीत यायची, त्यामुळे कानडी माझ्या कानाला कायम जरा धाकाची भाषा वाटत आली. धाकटा मल्लू तेव्हा अंगणात रांगत होता. आणि पाचवा माणूस म्हणावा असा भुऱ्या होता, आमचा घाण्याचा बैल.

सकाळी मला जाग यायची ती घाण्याच्या कुरकुरीनं. त्या आवाजाचं मला कधी काही वाटलं नाही; शेजारच्या घरी आलेले पाहुणे मात्र पहिल्या दिवशी कानावर हात ठेवत. करडई भरडली जायला लागली की जो वास सुटतो तो अंगणभर, मग गल्लीभर पसरायचा. आमच्या केसांना, पाटी-दप्तराला, अंथरुणाला तोच वास. शाळेत मुली मला ‘घाण्याची शांती’ म्हणायच्या आणि मी भांडायची. शांता हे नाव ठेवताना घरच्यांनी काय पाहिलं होतं कोण जाणे, कारण माझ्याइतकी चुळबुळी पोर त्या गल्लीत दुसरी नव्हती. पण जेवायच्या वेळी मात्र मला आमच्या घराचा तोरा वाटायचा. अव्वाच्या ज्वारीच्या भाकरी पातळ, कडक, मोडली तर कट्‌ आवाज होणाऱ्या. त्यावर शेंगाचटणी, चटणीच्या मधोमध बोटानं केलेला खळगा आणि त्या खळग्यात नुकतंच निघालेलं, अजून कोमट असलेलं तेल. ती चव मी नंतर पुष्कळ ठिकाणी शोधली. धाराशिवला नोकरी लागल्यावर तर दर महिन्याला एक डबा मुरुमाहून यष्टीनं मागवायची.

घाण्याची रचना ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मध्ये मोठं लाकडी उखळ, त्यात उभी जाड लाट, म्हणजे बी भरडणारा लाकडी ओंडका. लाटेला एक आडवी फळी जोडलेली, आणि ती फळी बैल ओढत गोल फिरतो. लाट नीट दाबली जावी म्हणून फळीवर वजन लागतं. आमच्या फळीवर एक मोठा धोंडा कायमचा बांधलेला होता, आणि उरलेलं वजन म्हणजे मी. मी शाळेत असले की माझ्या जागी अप्पा आणखी एक लहान धोंडा ठेवत. सुट्टी लागली की धोंडा खाली आणि मी वर. फळीवर बसायचा नियम एकच होता, हात रिकामे हवेत. पुस्तक नको, गजगे नकोत, बाहुली नको, कारण वस्तू पडली की पोर वाकते आणि हात लाटेखाली जातो. कारण एवढं साधं होतं. पण त्यामुळे झालं असं, की वयाच्या सातव्या वर्षापासून उन्हाळ्याच्या सगळ्या दुपारी मी काहीही न करता गोल गोल फिरत होते.

पहिल्या दिवशी मजा वाटली. दुसऱ्या दिवशी मी ओरडले, “अप्पा, मला कंटाळा यायलाय.”

अप्पा पेंड गोळा करत होते. मान वर न करता म्हणाले, “येऊ दे की.”

“लई यायलाय.”

“मंग लई येऊ दे. तुझं काय खातोय का त्यो?”

मी रडून पाहिलं. अव्वा चुलीपासून ओरडली, “सुम्न कुंद्र!” म्हणजे गप बस. एवढ्यावर माझ्या तक्रारीचा निकाल लागला.

तेव्हा मला अप्पांचा राग यायचा. आता वाटतं, जिल्ह्यात असा दुसरा बाप नसेल. कारण कंटाळा येऊ दिला की तो कुठवर जातो, हे मला त्या फळीवर कळलं. आधी पाय हलायचे. मग मी फेऱ्या मोजायची, शंभर झाल्या की परत एकपासून. मग भुऱ्याचा राग, मग मल्लूचा, त्याला खेळायला मिळतं म्हणून. मग डोळ्यांत पाणी. त्याच्याही पुढे गेलं की काहीतरी सैल व्हायचं, आणि आजूबाजूचं सगळं आपणहून जवळ यायचं. घाण्याची कुरकुर एकच नाही, दाराकडच्या बाजूला ती बारीक होते आणि भिंतीकडे जाड, हे मला तिथं कळलं. पत्र्याच्या भोकातून पडलेला उन्हाचा रुपया जेवणापासून चहापर्यंत उखळाच्या कडेवरून खाली कसा उतरतो, तेही तिथंच. भुऱ्याची चार पावलं मी डोळे मिटून ओळखायची. पुढचा डावा जड पडायचा, मागचा उजवा किंचित घासत यायचा. डोळ्यांना झापडं बांधलेला तो बैल आणि डोळे मिटलेली मी, आमचं त्या गोलात छान जमायचं. तेव्हा मला हे कुणाला सांगता आलं नसतं. सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नव्हतं.

आज माझी नात सुट्टीत धाराशिवला येते. “आजी, बोअर होतंय,” असं ती म्हणाली की घरातली तीन मोठी माणसं उठतात. एक मोबाइल देतो, एक रंगपेटी काढतो, आणि सूनबाई शिबिराची चौकशी करायला फोन लावतात. मी म्हणते, होऊ दे. सूनबाई माझ्याकडे अशा बघतात, जणू मी लेकराला उपाशी ठेवायला सांगितलं. त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी फळीवर बसवलं नाही.

मी नऊ वर्षांची झाले तेव्हा मला लिंगदीक्षा मिळाली. मठातल्या अय्यांनी, म्हणजे आमच्या जंगम गुरूंनी, कपाळाला विभूती लावली, कानात मंत्र सांगितला आणि तळहातावर माझं इष्टलिंग ठेवलं. जांभळाएवढं, वरून काळा लेप दिलेलं, गुळगुळीत. ते पांढऱ्या वस्त्रात बांधून गळ्यात घालायचं आणि मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. रोज सकाळी अंघोळ झाली की सोडून डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती, बेलाचं पान, आणि मग नुसतं त्याच्याकडे बघत बसायचं. जेवायच्या आधी ते कपाळाला लावल्याशिवाय घास नाही. मला ते मिळालं त्या दिवशी मी गल्लीतून तीन चकरा मारल्या, सगळ्यांना गळा दिसावा म्हणून.

पण ते नुसतं बघत बसणं मला फळीपेक्षा जड गेलं. फळीवर निदान जग फिरायचं. इथं सगळंच थांबलेलं. माझा हात थरथरायचा, नाक खाजायचं, मल्लू काय करतोय ते बघावंसं वाटायचं. अप्पा शेजारी बसलेले, त्यांचा तळहात पाटासारखा स्थिर. एकदा त्यांनी विचारलं, “कंटाळा आला का?”

मला वाटलं, सुटका झाली. “व्हय.”

“मंग आता कुठं पूजा लागली. बस.”

पुढे चार-सहा दिवसांनी मी एक मोठी चूक केली. उन्हाळ्याची दुपार होती. अप्पा पुढे दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होते, मी फळीवर होते आणि मला एक कल्पना सुचली, जिचा मला फार अभिमान वाटला. सकाळी लिंगापुढे बसून कंटाळायचं आणि दुपारी फळीवर बसून कंटाळायचं, असा दोनदा खर्च कशाला? दोन्ही एकदमच उरकून टाकू. आत्ताच बसते, उद्याची सकाळ मोकळी. मी गळ्यातलं वस्त्र सोडलं, लिंग तळहातावर घेतलं आणि घाण्याबरोबर फिरत फिरत त्याच्याकडे बघू लागले. हात रिकामे हवेत हा नियम मोडला हेही माझ्या लक्षात आलं नाही, कारण देव म्हणजे काही वस्तू नव्हे, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. दोन फेऱ्या झाल्या. तिसरीला भुऱ्यानं माशी उडवायला मान झटकली, फळीला हिसका बसला आणि माझा तळहात रिकामा झाला. पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

मी उडी मारली. बैल थांबवला. उखळाभोवती पाहिलं, भुशात पाहिलं, करडईच्या पोत्याशी पाहिलं. तेलाच्या घाण्याभोवतीची जमीन म्हणजे तेल, शेण, भुसा आणि धूळ यांचा काळा थर. त्यात काळं जांभूळ कुठं दिसणार? तेवढ्यात अप्पांचा खोकला ऐकू आला. माझ्या हातून जे पुढं झालं त्याची मला लिंग हरवल्यापेक्षा जास्त लाज वाटते. मी पेंडीचा एक खडा उचलला, गोल दाबला, वस्त्रात बांधून गळ्यात घातला, बैल हाकला आणि परत फळीवर जाऊन बसले.

पेंडीत तेल असतं, हे तेल्याच्या पोरीला कळायला हवं होतं. दिवेलागणीला पानं वाढली. अप्पांनी आपलं लिंग कपाळाला लावलं, मी वस्त्र न सोडताच कपाळाला टेकवलं. अव्वा भाकरी वाढायला वाकली आणि तशीच थांबली. पांढऱ्या वस्त्रावर पिवळा डाग उमटला होता, हळूहळू मोठा होणारा. तिनं वास घेतला, गाठ सोडली, आणि पेंडीचा खडा माझ्या ताटाशेजारी पडला.

मी सगळं सांगितलं. मला वाटलं मार बसेल. तो बसला असता तर बरं झालं असतं. अप्पांनी आपलं ताट उचललं, भाकरी टोपलीत परत ठेवली आणि टोपलीवर फडकं घातलं. “लिंगाबगर पोरगी जेवणार न्हाय,” ते म्हणाले. “अन् पोरगी जेवल्याबगर आमाला घास जाणार न्हाय.” अव्वानं तवा उतरवला. मल्लूला दूध पाजलं. मलाही भांडंभर दूध दिलं, अप्पांनी स्वतःच ‘पी’ म्हणून खूण केली, पण मी तोंड लावलं नाही. मग त्या दोघांनी उखळ रिकामं केलं, करडई चाळली, पेंडीचं ढेकूळ न् ढेकूळ फोडलं, जमीन हातानं चाचपली. लिंग सापडलं नाही.

सकाळी अप्पा अय्यांना घेऊन आले. मी भिंतीला चिकटून उभी. अय्या थोर मनाचे होते, ते रागावले नाहीत. म्हणाले, “लेकरू हाय. हरवलं तर हरवलं. सोमवारी मठात घिऊन या, परत दीक्षा दिऊ. तुमी जेवून घ्या.”

म्हणजे सुटका होती. एक ‘बरं’ म्हटलं असतं तर अप्पा-अव्वांच्या पोटात अन्न गेलं असतं आणि मी सोमवारपर्यंत लिंग नसलेली पोर म्हणून राहिले असते, एवढंच. अप्पांनी हात जोडले. “अय्या, आजचा दिस ऱ्हावा. पोरगी घाण्यावर बसंल. मंग तुमी म्हणताल तसं.”

“बसून काय व्हईल?” अय्यांनी विचारलं.

“ते मला बी ठाव न्हाय. पर तिला बसाया येतं.”

हे वाक्य मी आजही मनात घोळवते. ‘तिला बसाया येतं.’ माझ्या बापानं माझ्याबद्दल काढलेलं हे पहिलं कौतुक, आणि ते मी गुन्हेगार असताना काढलेलं.

घाण्यात करडई पडली, भुऱ्याला जुंपलं, धोंडा खाली आणि मी वर. अप्पा म्हणाले, “शोधू नगं. बस निस्ती.” ते दारात उंबऱ्याशी बसले, अय्या बाजेवर. अव्वा आत, रिकाम्या चुलीपुढं. पहिल्या पन्नास फेऱ्या मी डोळे फाडून जमीन बघत होते. अव्वाचा उतरलेला चेहरा आठवून हुंदके येत होते. मग हुंदके संपले. भीती संपली. आणि मग, सांगायला लाज वाटते, पण त्या सगळ्या पापात आणि उपासात मला कंटाळा यायला लागला.

“अप्पा,” मी रडकुंडीला येऊन म्हटलं, “मला आता बी कंटाळाच यायलाय.”

अप्पांचे ओठ सुकलेले होते. म्हणाले, “आला का? बरं झालं. येऊ दे.”

मी डोळे मिटले. पाय हलले, थांबले. फेऱ्या मोजल्या, सुटल्या. नेहमीसारखं काहीतरी सैल झालं. कुरकुर दाराकडे बारीक झाली, भिंतीकडे जाड झाली. भुऱ्याचा श्वास आला. पावलं आली. पुढचा डावा जड, मागचा उजवा घासत. आणि कुरकुर जाड होऊन भिंतीवरच्या कंदिलाच्या खुंटीखाली आलो की मागचा उजवा पाय घासत येण्याऐवजी अर्धवट टेकून चटकन उचलला जात होता. पुढच्या फेरीला परत तिथंच. त्याच्या पुढच्या फेरीलाही. काल दुपारपर्यंत असं नव्हतं, याची मला माझ्या नावाइतकी खात्री होती.

आता जे लिहिते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी लगेच ओरडले नाही. घरचे दोघं उपाशी आहेत हे ठाऊक असूनही मी आणखी चार-पाच फेऱ्या तशाच जाऊ दिल्या. कारण तिथं इतकं बरं वाटत होतं. मला काही नको होतं, लिंगसुद्धा नको होतं. काही हरवलंय असंच वाटत नव्हतं. पुढे कोर्टात मी टंकलेखिका म्हणून हयात घालवली, साक्षीदार येईपर्यंत तासन्‌तास बसून राहिले, संसारात बरे-वाईट दिवस पाहिले, आणि जिथं जिथं टिकले ती त्या चार-पाच फेऱ्यांच्या जोरावर. देवाची ओळख मला मंत्रानं झाली असं लोकांना वाटतं. मी ती समजूत मोडत नाही. पण माझी त्याच्याशी ओळख तिथं झाली, खुंटीखालून जाताना.

मग मी म्हटलं, “अप्पा, बैल थांबवा.”

खुंटीखाली गुडघे टेकले आणि बोटांनी माती उकरली. वरचा थर दगडासारखा दाबलेला. पेरभर खाली गेले तेव्हा नखाला गोल काहीतरी लागलं. भुऱ्यानं काल दुपारी खुरानं आत दाबलं होतं, आणि आता त्याच्याच पायाला ते टोचत होतं. एका बाजूनं थोडं खरवडलं होतं, बाकी जसंच्या तसं. मी ते तळहातावर घेऊन उभी राहिले. अव्वा आतून धावत आली, तिनं मला नाही, आधी भुऱ्याच्या गळ्याला मिठी मारली.

अय्यांनी लिंग धुतलं, विभूती लावली, मंत्र म्हटला. खरवडलेल्या जागी परत लेप देऊ म्हणाले. अप्पा म्हणाले, “राहू द्या तसंच.” ते तसंच आहे. रोज सकाळी माझा अंगठा पहिल्यांदा तिथंच जातो.

मग अप्पांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, “कंटाळा आला व्हता का?”

“व्हय.”

“किती?”

“लई.”

अप्पा अय्यांकडं वळले. त्यांची मान एवढी ताठ मी दुकानातही कधी पाहिली नव्हती. “आईकलंत न्हवं, अय्या? माज्या पोरीला लई कंटाळा येतो.”

अव्वानं कालच्याच भाकरी काढल्या. कडक भाकरीला शिळेपण नसतं. चटणीत खळगा केला, त्यात तेल ओतलं. मी लिंग कपाळाला लावलं, मग अप्पांनी आपलं, मग अव्वानं आपलं. पहिला घास माझा झाला तेव्हा त्या दोघांनी घास उचलले. फक्त भाकरी मोडल्याचा आवाज येत होता.

हात धुतल्यावर अप्पा छपराकडं गेले. भुऱ्या जुंपलेलाच होता, उखळात करडई अर्धी भरडलेली. अप्पांनी लहान धोंडा उचलला आणि माझ्याकडं पाहिलं. “घाणा अर्धा राह्यलाय. ह्यो ठिवू, का बसतीस?”

“म्याच बसते,” मी म्हटलं.

अप्पांनी धोंडा परत भिंतीशी ठेवला आणि मला उचलून फळीवर बसवलं.